पाय ठेवायला जागा

शोरूममध्ये मोटरसायकल बघायला गेलेल्या माणसाला त्याच्या शरीराविषयी एकच प्रश्न विचारला जातो: पाय टेकतात ना? बेताच्या उंचीच्या माणसासाठी हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, कारण सिग्नलला, चढावर किंवा वाळूत थांबताना गाडी तोलायची ती पायांवरच. सहा फुटी माणूस मात्र गाडीवर बसला की त्याचे दोन्ही तळवे सहज जमिनीला लागतात आणि गाडी त्याला बसते, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. त्याची अडचण सुरू होते ती पाय उचलून फूटरेस्टवर ठेवल्यावर. गुडघे पोटाकडे येतात, मांड्या टाकीच्या खोबणीत न बसता तिच्या वरच्या कडेला टेकतात आणि पाऊण तासाच्या प्रवासानंतर गाडी थांबवून पाय झटकावे लागतात. थोडक्यात, आपल्याकडे चौकशी होते ती उभ्या गाडीची; चालत्या गाडीवर पाय कसे राहतात हे कोणी विचारत नाही. या लेखाचं म्हणणं असं, की उंच स्वाराची अडचण सीटच्या उंचीची नाही, सीट आणि फूटरेस्ट यांच्यातल्या अंतराची आहे. ते अंतर जुळवून घेणं ही चैन किंवा हौस नाही. आणि ते जुळवण्याची सोय वेल्डिंगच्या दुकानात शोधावी लागू नये, ती कारखान्यातूनच मिळायला हवी.

मोटरसायकलवरची बैठक तीन बिंदूंनी ठरते: सीट, हँडल आणि फूटरेस्ट. कंपनीच्या माहितीपत्रकात यांपैकी एकाच बिंदूचा आकडा सापडतो, तो सीटच्या जमिनीपासूनच्या उंचीचा. स्प्लेंडर प्लसचा ७८५ मिलिमीटर, हंटर ३५० चा ७९०, क्लासिक ३५० चा ८०५, हिमालयन ४५० चा ८२५. उंच माणूस साहजिकच मोठा आकडा शोधतो आणि इथेच फसतो. सीट जमिनीपासून उंच आहे याचा अर्थ ती फूटरेस्टपासूनही लांब आहे असा होत नाही. यामाहा आर१५ ची सीट ८१५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे क्लासिकपेक्षाही वर; पण वळणावर गाडी खोल झुकवता यावी म्हणून तिचे फूटरेस्ट मागे आणि वर घेतलेले आहेत, त्यामुळे लांब पायांची घडी तिच्यावर जास्तच घट्ट होते. खडबडीत वाटांसाठीच्या गाड्यांतही सीटबरोबर इंजिनाचा तळ आणि फूटरेस्ट वर जातात. ‘उंच माणसाने उंच गाडी घ्यावी’ हा सल्ला म्हणून अर्धाच खरा आहे. ज्या आकड्यावर त्याचं सुख अवलंबून आहे तो, म्हणजे दबलेल्या सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर, माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो मोजायचा तर टेप घेऊन स्वतःच मोजावा लागतो.

हे अंतर किती निर्णायक आहे ते साध्या भूमितीने तपासता येतं. माणसाची मांडी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आणि पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, दोन्ही उंचीच्या जवळपास पाव भाग भरतात. शरीरमापनशास्त्रातलं प्रमाण ०.२४५ च्या आसपास आहे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची मांडी आणि पोटरी प्रत्येकी साधारण साडेचाळीस सेंटिमीटर येते, तर १८५ सेंटिमीटरवाल्याची, म्हणजे सहा फूट एक इंचाच्या माणसाची, पंचेचाळीसच्या थोडी वर. समजा, एखाद्या गाडीवर पहिल्या माणसाचा गुडघा बरोबर काटकोनात राहतो. त्याच्या खुब्यापासून घोट्यापर्यंतचं सरळ अंतर मग सुमारे ५७ सेंटिमीटर होतं. त्याच गाडीवर दुसरा माणूस बसला की अंतर तेच राहतं, हाडं मात्र लांब झालेली असतात. त्याच्या गुडघ्याचा कोन ७८ अंशांवर येतो. त्याला काटकोन मिळायचा तर अंतर ६४ सेंटिमीटर लागेल. तूट सात सेंटिमीटरची आहे. बाजारात मिळणारं फूटरेस्ट खाली नेणारं ब्रॅकेट साधारण २५ मिलिमीटरचं असतं. ते सगळंच्या सगळं कामी आलं असं धरलं तरी कोन ७८ वरून ८२ पर्यंतच उघडतो. हिशेब ढोबळ आहे, बुटाची जाडी आणि सीटचा दाब त्यात धरलेला नाही. तरी त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, उंच माणसाची तक्रार नाजूकपणाची नाही, मापाची आहे. दुसरी, नुसतं फूटरेस्ट खाली नेऊन ती पूर्ण मिटत नाही.

गुडघा बारा अंश जास्त मुडपला म्हणून एवढं काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण गुडघा एकटा मुडपत नाही. फूटरेस्ट वर असेल तर मांडी वर उचलली जाते, खुब्याचा कोन मिटतो, आणि एका मर्यादेपलीकडे खुबा वळेनासा झाला की कटी मागे कलंडते. कमरेचा नैसर्गिक बाक मग सपाट होतो आणि खड्ड्याचा हादरा थेट कण्याच्या चकत्यांवर येतो. अमेरिकेतले शल्यविशारद कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे बसण्याच्या स्थितींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धड आणि मांडी यांच्यातला कोन १३५ अंशांच्या आसपास असताना कमरेचा बाक सर्वांत स्वाभाविक राहतो असं दिसलं. मोटरसायकलवर १३५ अंश मिळणं अवघडच आहे. पण कोन जितका मिटत जाईल तितकी कंबर त्या स्थितीपासून दूर जाते. लांबच्या प्रवासानंतर उंच माणूस गुडघ्यापेक्षा कंबर दुखल्याची तक्रार करतो आणि त्यावर सीटला जेलची गादी बसवतो, तेव्हा दुखण्याचं मूळ पायाशी असू शकतं हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. ‘सवय होते’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. सवय होते ती दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याची. हाडांची लांबी सवयीने कमी होत नाही. शेतावर जाऊन येण्यापुरती गाडी वापरणाऱ्याला हे खपून जातं. दिवसभर पार्सल पोचवणाऱ्याचं मात्र रोजचं कामच त्या घडीत बसून चालतं.

पहिला गंभीर आक्षेप संख्येचा आहे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांसाठी किमान उंचीची अटही नेमकी तेवढीच आहे. नेदरलँड्समध्ये ही सरासरी १८२ च्या पुढे जाते. मग कंपनीने मूठभर उंच लोकांसाठी आराखडा का बदलावा? मूठभर म्हणजे किती, हे आधी पाहू. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ८० लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि त्यांतल्या एक कोटीहून अधिक मोटरसायकली होत्या. गाडी घेणाऱ्या शंभरांत एकच माणूस फार उंच धरला तरी दर वर्षी लाखभर गाड्या चुकीच्या मापाने विकल्या जातात. आणि प्रश्न एकट्या उंचांचाही नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने आपल्या वैमानिकांची मापं घेतली, तेव्हा लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांतून दहा मापांमध्ये ‘सरासरी’ असलेला माणूस शोधला. दहाही मापांत मधल्या पट्ट्यात बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. सरासरी माणसासाठी बांधलेली कॉकपिट प्रत्यक्षात कोणाच्याच मापाची नव्हती आणि हवाई दलाला सरकती आसनं, मागेपुढे होणारी पेडलं यांकडे वळावं लागलं. मोटरसायकललाही हे लागू होतं. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात तर दुसऱ्याचं धड. फूटरेस्ट हलवता आलं तर सहा फुटी पुरुषाची सोय होते आणि पाच फुटी बाईचीही. आपल्याकडे मापांचा दुष्काळ आहे असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक १९९७ मध्येच प्रसिद्ध केलं, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने भारतीय वाहनचालकांच्या शरीरमापांचं सर्वेक्षण केलेलं आहे. मापं हाताशी आहेत. ती फूटरेस्टच्या भोकांपर्यंत पोचलेली नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तंत्राचा. तो टिकत नाही, कारण हे तंत्र जुनं आहे. सुझुकीने २००७ च्या जीएसएक्स-आर १००० वर तीन जागी बसवता येणारे फूटरेस्ट दिले, केटीएमच्या २००८ च्या आरसी८ मध्ये फूटरेस्ट, हँडल आणि सीट तिन्हींना वर-खाली करायची सोय होती, आणि यामाहाने २००९ च्या आर१ वर दोन जागा दिल्या. ही झाली ताशी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे जाणाऱ्या गाड्यांची गोष्ट, जिथे स्वाराचं अंग गाडीला नीट बसणं लॅप टाइमशी जोडलेलं असतं. पण आरामशीर चालवायच्या क्रूझरमध्येही कावासाकीने व्हल्कन एसवर फूटरेस्ट मधल्या जागेपासून साधारण २५ मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकवण्याची व्यवस्था दिली आणि ती गाडी भारतातही विकली गेली. सगळ्यात बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५० या दोन गाड्या २०१८ मध्ये एकाच इंजिनावर, जवळपास एकाच चौकटीवर आल्या. जीटीचे फूटरेस्ट मात्र मागे आणि वर, हँडल खाली. त्यामुळे एकीवर माणूस ताठ बसतो आणि दुसरीवर वाकून. फूटरेस्टची जागा ही चौकटीत कोरलेली अपरिहार्य गोष्ट नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम युरोपातही जातात आणि आपल्या रस्त्यांवरही धावतात. सरासरी उंचीत इतका फरक असलेल्या लोकांना एकच गाडी विकायची, तर तिच्यात पाय जुळवायची सोय असणं हा निर्यातीच्या दृष्टीनेही शहाणपणाचाच सौदा आहे.

कारखाना ही सोय देत नाही म्हणून माणूस लेथवाल्याकडे जातो. तिथे लोखंडाच्या पट्टीला दोन भोकं पाडून फूटरेस्ट इंचभर खाली येतं आणि पायाला लगेच बरंही वाटतं. अडचण अशी, की फूटरेस्ट एकटं नसतं. उजव्या पायापुढे ब्रेकचं पेडल असतं, डाव्या पायापुढे गिअरचा लिव्हर, आणि दोन्ही जुन्याच जागी राहिलेले असतात. पाऊल इंचभर खाली गेलं की पेडल तेवढंच वर आल्यासारखं होतं. ब्रेक मारायला पूर्ण पाय उचलावा लागतो आणि तातडीच्या वेळी तेवढाच उशीर होतो. उलट बाजूने, आळसाने पंजा पेडलवर टेकून राहिला तर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो आणि मागचा दिवा सतत पेटलेला दिसल्याने मागच्या गाडीवाल्याला खरा ब्रेक कळत नाही. कम्यूटर गाड्यांवरच्या टाच-पंजाच्या दुहेरी गिअर लिव्हरची गत याहून वाईट: टाचेखालचा तुकडा पावलाच्या वर राहतो आणि दहा नंबरच्या बुटाला तिथे आधीच जागा कमी असते. म्हणून फूटरेस्ट हलवलं की गिअर लिव्हर शाफ्टच्या स्प्लाइनवर एखाद-दुसरा दात खाली बसवावा लागतो, किंवा जोडदांड्याचे दोन्हीकडचे नट सैल करून लांबी बदलावी लागते. ब्रेकचं पेडल त्याच्या थांब्याच्या बोल्टने खाली घेऊन मोकळी चाल पुन्हा जुळवावी लागते आणि दिव्याचा स्विचही सेट करावा लागतो. मागे डिस्क असेल तर जास्तच जपावं लागतं: मास्टर सिलिंडरचा दांडा गरजेपेक्षा लांब ठेवला तर तेलाची परतीची वाट बंद राहते आणि ब्रेक सुटेनासा होतो. ही सगळी कामं चांगल्या मेकॅनिकच्या हातची आहेत, पण ब्रॅकेट लावणाऱ्यांपैकी किती जण ती करून घेतात हा प्रश्नच आहे. शिवाय ताकदीचा मुद्दा उरतो. खड्ड्यावर स्वार उठून उभा राहतो तेव्हा त्याचं सगळं वजन आणि वर हादऱ्याचा जोर त्या दोन खुंट्यांवर येतो. ब्रॅकेटमुळे तो जोर मूळ बोल्टपासून लांब पडतो आणि बोल्टवरचा पीळ वाढतो. कच्च्या वेल्डिंगला हे झेपत नाही, आणि तुटायचं ते नेमकं जोर पडला असतानाच तुटतं.

तिसरा आक्षेप वळणावरच्या झुकण्याचा आहे आणि तो आकड्यांनीच तपासायला हवा. फूटरेस्टचं टोक जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंच आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ३५० मिलिमीटर बाहेर आहे असं धरू. ते जमिनीला घासेपर्यंत गाडी जवळपास ४० अंश झुकू शकते. २५ मिलिमीटर खाली नेल्यावर ३८ अंश. आता घाटातलं ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरने ते घेताना गाडी सुमारे २३ अंश झुकते, टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात थोडी जास्त. म्हणजे खंबाटकी किंवा ताम्हिणीत बेताने जाणाऱ्याला पुष्कळ जागा शिल्लक राहते. तेच वळण ५० ने घेतलं तर ३३ अंश लागतात. मागे माणूस आणि सामान असेल, शॉकअप दबून गाडी आणखी ३० मिलिमीटर खाली आली असेल, तर खाली नेलेलं फूटरेस्ट ३५ अंशांवरच घासेल. शिल्लक दोन अंशांची उरली, आणि वळणातला एक खड्डा ती खाऊन टाकतो. मूळ जागी असतं तर अडीच अंश जास्त मिळाले असते. निष्कर्ष सरसकट निघत नाही: शहरात आणि महामार्गावर हा धोका किरकोळ आहे, जोडीने घाट वेगात घेणाऱ्याला तो खरा आहे. अनेक गाड्यांचे फूटरेस्ट जमिनीला लागताच स्प्रिंगवर मागे-वर दुमडतात, त्यामुळे घासलं तरी चाक उचललं जात नाही. दुमडणारं फूटरेस्ट काढून त्या जागी पक्की खुंटी वेल्ड करणं म्हणजे ही शेवटची राखणही घालवणं.

फूटरेस्ट खाली नेण्यावर इतक्या मर्यादा आहेत म्हणूनच सुरुवात सीटपासून करायला हवी. सायकलच्या दुकानात पाना फिरवून सीट वर करतात तेव्हा पेडलला कोणी हात लावत नाही. अंतर वाढवायला वरचा बिंदू हलवला तरी पुरतं. उंच माणसाला पाय टेकवण्याची अडचण नसतेच, त्यामुळे सीट पंचवीस मिलिमीटर वर घ्यायला त्याला काही गमवावं लागत नाही, आणि वळणावरची जागाही कमी होत नाही. कुशनवाल्याकडून जास्त घनतेचा फोम घालून घेताना सीटचा पुढचा खळगा सपाट करवला तर उंच माणसाला थोडं मागे सरकताही येतं आणि अंतर आणखी वाढतं. आधीच्या हिशेबात सीटचे २५ आणि फूटरेस्टचे २५ मिलिमीटर एकत्र धरले तर गुडघ्याचा कोन ८६ अंशांच्या पलीकडे जातो. एकट्या ब्रॅकेटने तिथे पोचायचं तर फूटरेस्ट दोन इंच खाली न्यावं लागेल, आणि तिथे लिव्हर, बोल्ट आणि झुकण्याची जागा या तिन्हींचं गणित बिघडतं. अर्थात सीट वर गेली की हँडल खाली गेल्यासारखं होतं. तेव्हा हँडल उंचावणारे रायझर लावावे लागतात आणि क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल हँडल पूर्ण वळवल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे बघावं लागतं.

फूटरेस्ट पुढे नेण्याचा मार्ग बुलेटवाल्यांमध्ये जास्त प्रिय आहे: लेग गार्डवर आणखी दोन खुंट्या बसवायच्या आणि महामार्गावर पाय पसरायचे. पाय मोकळे करायला ही सोय घटकाभर चांगली आहे, मुख्य बैठक म्हणून नाही. पाय पुढे गेले की शरीराचा भार माकडहाडावर येतो, खड्डा आला तर उठून उभं राहता येत नाही आणि मागचा ब्रेक पायापासून फूटभर मागे राहतो. आपल्या रस्त्यांवर खड्डे आणि अवचित आलेले गतिरोधक गृहीत धरूनच बैठक ठरवावी लागते, आणि त्यासाठी फूटरेस्ट शरीराखालीच हवं. ते थोडं खाली असण्याचा उंच स्वाराला एक जादा फायदाही मिळतो: उभं राहिल्यावर हँडल तेवढंच हाताजवळ येतं आणि पाठ कमी वाकते.

शेवटचा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत अशी कडक भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली गेली. आरसी बुकात फूटरेस्टची जागा लिहिलेली नसते, म्हणून ब्रॅकेट लावणं सायलेन्सर बदलण्याइतकं उघड बेकायदा नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण अपघातानंतर विमा कंपनीशी तो वाद घालायची वेळ कोणावर येऊ नये. नियमांचा रोखही बघण्यासारखा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असावी असं सांगतो. फूटरेस्टसाठी एआयएस-१४८ हे स्वतंत्र मानकही आहे. फूटरेस्ट असावं आणि ते सुरक्षित असावं याची काळजी नियमांनी घेतली. ते चालवणाऱ्याच्या पायाच्या मापाचं आहे का, हे विचारायचं राहून गेलं. ब्रॅकेट कायद्याच्या धूसर जागेत राहतं, यातून ते निषिद्धच समजावं असा अर्थ काढण्यापेक्षा कारखान्यातून मंजूर होऊन आलेला पर्याय हवा, असा अर्थ काढणं जास्त सयुक्तिक आहे. उत्पादकानेच दुसरी जागा दिली की ती मूळ तपशिलाचा भाग होते आणि वादच उरत नाही.

मागणी म्हणून मोठी नाही. फूटरेस्ट धरणाऱ्या प्लेटवर भोकांची आणखी एक जोडी, पंचवीस मिलिमीटर खाली. त्या जागेसाठी गिअर आणि ब्रेक कसे जुळवायचे याचं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एक पान. उंच आणि बुटकी अशा दोन सीटचा पर्याय, जो हिमालयन ४५० ने ८२५ ते ८४५ मिलिमीटर अशी वर-खाली होणारी सीट देऊन काही अंशी दाखवलाच आहे. आणि माहितीपत्रकात सीटपासून फूटरेस्टपर्यंतच्या अंतराचा आकडा. इंजिनाखालून जाणाऱ्या एकाच आडव्या दांड्यावर दोन्ही फूटरेस्ट असलेल्या स्वस्त गाड्यांत हे थोडं अवघड जाईल, पण तिथेही सीटचा पर्याय आणि छापील आकडा देता येतो. यांतला शेवटचा आकडा छापायला तर एक रुपयाही लागत नाही. तो छापला गेला की ग्राहक तुलना करू लागतील, आणि ज्या आकड्याची तुलना होते तो सुधारण्याकडे कंपन्यांचं लक्ष आपोआप जातं. ॲव्हरेजच्या बाबतीत हा देश ते पाहून चुकला आहे. तोवर उंच स्वाराने क्रम सोडू नये: आधी मोजावं, मग सीट, मग फूटरेस्ट आणि त्याच दिवशी दोन्ही लिव्हर. यांतलं शेवटचं काम उद्यावर टाकायचं असेल तर त्याने फूटरेस्टला हातच लावू नये.